ब्रेल यंत्राची बॅटरी खरं बोलते का?



आजचा लेख वर्गात दृष्टिबाधित मूल असणाऱ्यांसाठी आहे. ब्रेल डिस्प्ले हे यंत्र आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कंपासपेटीपेक्षा थोडं मोठं. त्याच्या एका पट्टीवर बारीक ठिपके वर-खाली होतात, आणि मूल त्यावर बोट फिरवून वाचतं. एका घरात आठ ठिपके, अशी वीस घरं असली तर एकशे साठ ठिपके! हे सगळं चालतं बॅटरीवर.

माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे असं यंत्र आहे. घटक चाचणीच्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, पस्तीस टक्के आहे, पुरेल का?" मी म्हटलं, "पुरेल की, बस लिहायला." वीस मिनिटांनी पाहिलं तर ती हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली. मला वाटलं, पेपर संपला. जवळ गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, ठिपके बसले." यंत्र बंद पडलं होतं. चूक तिची नव्हती. पस्तीस हा आकडाच खोटा होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

आकडा चुकतो कसा?

आपल्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाकी. समजा टाकीचं झाकण उघडताच येत नाही. मग किती बादल्या भरल्या आणि किती काढल्या, एवढ्यावरून आत किती पाणी उरलं याचा हिशेब ठेवायचा. एखादी बादली अर्धवट भरते, थोडं पाणी सांडतं. रोजची चूक लहान असते, पण महिन्याभरात हिशेब बराच चुकतो. टाकी काठोकाठ भरली किंवा पूर्ण रिकामी झाली, तरच तो पुन्हा जुळतो.

बॅटरीचंही तसंच आहे. यंत्रातली चिप आत गेलेली आणि बाहेर पडलेली वीज मोजते आणि अंदाजाने टक्के सांगते. नुसता व्होल्टेज पाहूनही नीट कळत नाही, कारण लिथियम-आयन बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फार कमी बदलतो. रोज अर्धवट चार्ज, अर्धवट वापर असं चाललं की चिपला 'भरली' आणि 'संपली' ही दोन टोकं भेटतच नाहीत. त्यात बॅटरी जुनी झाली की टाकीत गाळ साचल्यासारखी तिची क्षमताही घटते.

ही टोकं चिपला पुन्हा दाखवणं म्हणजे कॅलिब्रेशन.

कसं करायचं?

आधी यंत्राची माहितीपुस्तिका पाहा. मेनूत यासाठी वेगळा पर्याय असेल किंवा कृती वेगळी दिली असेल, तर तीच करा. नसेल तर सर्वसाधारण पद्धत अशी:

१. शनिवार-रविवार निवडा. परीक्षेच्या आठवड्यात हे करू नका.
२. मुलाच्या सगळ्या फाइल्स संगणकावर किंवा मेमरी कार्डवर उतरवून घ्या.
३. यंत्र पूर्ण चार्ज करा. शंभर टक्के दिसल्यावरही तास-दीड तास चार्जिंगला राहू द्या.
४. चार्जर काढा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत नेहमीसारखं वापरा. मुलाला गोष्टी वाचू द्या. दर तासाला टक्के वहीत लिहा.
५. बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. त्याच दिवशी चार्जिंगला लावा.
६. मध्ये न काढता, न वापरता पूर्ण चार्ज होऊ द्या. लाइट जाण्याची शक्यता कमी असेल अशी वेळ निवडा.

हे लक्षात ठेवा

कॅलिब्रेशनने बॅटरी जास्त टिकत नाही, फक्त आकडा खरा होतो. उलट, बॅटरी वारंवार पूर्ण संपवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून आकडा बिनसल्यासारखा वाटला, तरच हे करा. वहीतल्या नोंदीवरून यंत्र पूर्वीपेक्षा फारच कमी तास चालतंय असं दिसलं, तर बॅटरी बदलायची वेळ आली समजा. बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र वापरू नका, चार्जही करू नका, दुरुस्ती केंद्रात दाखवा. आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात यंत्र बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते.

वर्गासाठी उपक्रम

शेकडेवारीला ही नोंदवही छान उपयोगी पडते. आम्ही त्या मुलीचे आकडे फळ्यावर मांडले. तासाला किती टक्के घटले? चाळीस टक्क्यांत किती तास मिळतील? त्या दिवशी सगळा वर्ग तिला आकडे विचारत होता.

मुख्य म्हणजे टक्के कसे तपासायचे ते मुलालाच शिकवा. आपण मोबाइलकडे नुसतं बघतो, त्याला कळ दाबून विचारावं लागतं. ती सवय त्याच्याच बोटांना हवी. आणि दप्तरात ब्रेल पाटी व स्टायलस कायम असू द्या. त्यांना चार्जिंग लागत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत शिक्षणसाहित्य आणि साहाय्यक साधनं मोफत मिळायला हवीत. साधन मिळालं की काम संपलं असं आपल्याला वाटतं. पण ते चाचणीच्या दिवशी, शेवटच्या प्रश्नापर्यंत चालू राहिलं, तरच ते त्या मुलाला मिळालं असं म्हणता येईल.

त्या मुलीची चाचणी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. आता चाचणीआधी ती मला विचारत नाही, स्वतःच सांगते, "मॅडम, बासष्ट आहे. पुरेल."

तुमच्या वर्गातलं यंत्र या शनिवारी एकदा तपासून बघा.