चेंडू कुठवर जातो?

पानशेतच्या माळावर पोरं क्रिकेट खेळतात. चैत्रातल्या दुपारी एखादा टोला असा बसतो, की चेंडू थेट करवंदीच्या जाळीत! तोच गडी, तीच बॅट. पण पौषातल्या सकाळी चेंडू अलीकडेच पडतो. पोरं म्हणतात, थंडीनं हात आखडले. तेही खरे. पण आम्ही म्हणतो, त्यात हवेचाही वाटा आहे.

हवेला वजन असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या जागेतली हवा समुद्रकाठी सुमारे सव्वा किलो भरते. या हवेला बाजूला सारीत चेंडूला पुढे जावे लागते. ओढ्याच्या पाण्यातून चालताना पाय जड होतात ना? तसेच हे. हवा जितकी दाट, तितकी अडवणूक जास्त.

ऊन तापले की हवा फुगते, विरळ होते. १० अंशांची हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच जागेत ती सुमारे ८ टक्के हलकी भरते. उंचावरही हवा विरळच. कोकणातल्यापेक्षा आपल्या पानशेतला विरळ, तोरण्याच्या माथ्यावर आणखी विरळ. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. तिथले डेन्व्हर शहर सुमारे १६०० मीटर उंचावर, म्हणजे तोरण्याहूनही उंच. समुद्रकाठी ४०० फूट जाणारा टोला तिथे वीसएक फूट पुढे पडतो.

आता पावसाळा घेऊ. 'हवा ओली झाली, जड झाली,' असे आपण सारेच म्हणतो. घाम वाळत नाही, जीव घुसमटतो, म्हणून तसे वाटते. खरे मात्र उलट आहे, बरं का! पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ती हवेत मिसळली की हवा किंचित हलकीच होते. मग चेंडू मंद का? तो ओल पितो म्हणून. त्याचे वजन वाढते, उसळी मरते. डेन्व्हरला याच्या उलट अडचण होती. कोरड्या हवेत चेंडू सुकत आणि फार उसळत. म्हणून २००२ सालापासून तिथे चेंडू दमट खोलीत ठेवू लागले. टोले आवरले.

या सगळ्यांवर वरचढ तो वारा. उफणताना पाहा: दाणा पायाशी पडतो, भूस लांब जाते. पोरांचा टेनिसचा चेंडू हलका, म्हणून तो वाऱ्याचे फार ऐकतो. गोफणीचा धोंडा वजनदार, तो कमी ऐकतो, पण ऐकतोच. वारा पाठीशी असला की धोंडा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या खाचरात जातो. भातावरची पाखरं हाकायची तर आधी चिमूटभर माती उधळून वारा बघावा. ती जिकडे जाईल तिकडे बाया कापणीला वाकलेल्या असल्या, तर गोफण खाली ठेवावी आणि पत्र्याचा डबा बडवावा. पाखरं त्यानंही उडतात.