आधी कढई बघा

होक्किएन नूडल्स कुठे चांगल्या मिळतात असं कुणी विचारलं, की मी उलट विचारते, कुठल्या शहरात? चीनच्या फुच्येन प्रांतातून आलेल्या होक्किएन लोकांबरोबर हे नाव मलाया-सिंगापूरभर पसरलं, पण पदार्थ गावागणिक बदलला. क्वालालंपूरमध्ये काळ्या सोया सॉसमध्ये माखलेल्या जाडजूड नूडल्स येतात, त्याही जुन्या ठिकाणी कोळशावर परतलेल्या. पेनांगमध्ये हेच नाव सांगितलंत तर कोळंबीच्या लालसर, तिखट रश्श्याचा वाडगा पुढ्यात येईल. आमच्या सिंगापूरची बशी त्यांच्यापुढे फिकट दिसते आणि नवखा माणूस तिथेच नाक मुरडतो. तिच्या रंगावर जाऊ नका, तिचा जीव रश्श्यात असतो.

कोळंबीची डोकी-सालं आणि डुकराची हाडं उकळून तो रस्सा काढतात. अंड्याच्या पिवळ्या नूडल्स आणि तांदळाच्या पांढऱ्या शेवया लसूण-अंड्यावर परतायच्या, त्यावर तो ओतायचा, झाकण ठेवायचं आणि त्यांना तो सावकाश पिऊ द्यायचा. घाई केली की पिवळ्या नूडल्समधला क्षार जिभेवर येतो, पापडखार जास्त झालेल्या पापडासारखा. वर पेरलेली कोळंबी कितीही टपोरी असो, ती चव झाकली जात नाही.

म्हणून स्टॉलसमोर गेल्यावर आधी कढई बघा. एका गाजलेल्या ठिकाणी रांगेत खूप वेळ उभं राहून मला कोमट, गोळा झालेल्या नूडल्स मिळाल्या होत्या. काउंटरवर कात्रणांच्या चौकटी टांगलेल्या होत्या. मागे मात्र गर्दीला पुरावं म्हणून भली मोठी खेप आधीच करून ठेवली होती आणि तीच तळापर्यंत वाढणं चाललं होतं. खेप मोठी असणं वाईट नाही, ती कढईतून उतरताच वाढली तर उत्तमच लागते. तुमचा नंबर खेपेच्या शेवटी येतोय असं दिसलं, तर मागच्या माणसाला खुशाल पुढे जाऊ द्या. पुढच्या खेपेची पहिली बशी मिळेल.

सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, मिशेलिन गाइडही इथल्या स्टॉलांची दखल घेतं. या कष्टकऱ्यांना तो मान मिळायलाच हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पण आज कढईपाशी कोण उभं आहे, हे मानाच्या पाटीवरून कळत नाही. ओल्ड एअरपोर्ट रोडचं फूड सेंटर या पदार्थासाठी नावाजलेलं आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांना मी तिथेच पाठवते. निघण्यापूर्वी स्टॉलची सुट्टी कधी असते ते मात्र विचारून घ्या. प्रत्येकाची वेगळी असते, आणि माल संपला की दुपारीसुद्धा दिवा मालवतात.

आपल्याकडच्या पाहुण्यांना एक गोष्ट ठासून सांगते. "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही. पोर्कचे काप आणि माकूळ बाजूला काढता येतात, रस्सा आणि त्यात मुरलेली डुकराची चरबी कशी काढणार? शाकाहाऱ्यांनी आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी या बशीच्या वाटेला जाऊच नये. पोर्क वर्ज्य असेल तर हलाल प्रमाणपत्र लावलेले स्टॉल शोधा, तिथे हा पदार्थ डुकराशिवाय करतात.

काही स्टॉलवाले पोफळीच्या विरीत बांधून देतात. तो वास फार सुरेख लागतो, पण विरी असली तरी नूडल्स घरी नेऊ नका. वाटेत त्या उरलासुरला रस्सा पिऊन फुगतात. तिथेच टेबलावर बसून खा. पहिला घास नुसता घ्या, म्हणजे रस्सा कळेल. मग कलमान्सीचं लिंबू पिळा. संबल, म्हणजे मिरचीची चटणी, बशीच्या कडेलाच राहू द्या आणि घासागणिक लावून घ्या, सगळं एकदम कालवू नका.