मच्छीमारी होडीचें इंजिन बदलतांना

किनाऱ्यावरील तालुक्यांत असे पुष्कळ खातेदार आहेत कीं, ज्यांची कलमें डोंगरउतारावर, भात खलाटींत आणि चार आणे भाग बंदरांतील एखाद्या होडींत असतो. होडीचें इंजिन थकलें म्हणजे नव्या इंजिनाच्या कर्जाचा बोजा बहुधा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढतो. महसूल खात्यांत लेखनिक असतां असे बोजे मीं पुष्कळ पाहिले. त्यांतला एक माझ्या घरच्या उताऱ्यावरहि आहे. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत अस्थानीं ठरूं नये.

मेहुण्याची व माझी भागीची होडी पाणरेषेवर ३६ फूट लांब आहे. तिचें ६० अश्वशक्तीचें जुनें इंजिन झिजल्यावर विक्रेत्याच्या सल्ल्यानें आम्हीं १२० अश्वशक्तीचें घेतलें. शक्ति दुप्पट झाली, तेव्हां वेग निदान दीडपट होईल असें आम्हांस वाटलें. वेग वाढला तो पाऊण नॉट. डिझेल मात्र दीडपटीहून अधिक लागूं लागलें. दोष इंजिनाचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानें १८७२ सालीं टॉर्की येथें टाकी बांधून, लहान नमुने पाण्यांतून ओढून याचा अभ्यास केला. होडी पाणी सारून चालते व त्यानें लाट उठते. वेग वाढेल तसतशी ही लाट लांबते, आणि ती होडीच्या लांबीइतकी झाली म्हणजे होडीस आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. आडाखा असा: पाणरेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. येईल तितके नॉट ही जड होडीची व्यवहारांतील मर्यादा. ३६ चें वर्गमूळ ६. म्हणून मर्यादा सुमारें ८ नॉट. मर्यादेच्या अलीकडेहि शक्ति साधारणपणें वेगाच्या घनाच्या प्रमाणांत लागते. ६ नॉटांवरून ७ नॉटांवर जाण्यास सुमारें १.६ पट शक्ति हवी. मर्यादेजवळ तर ओतलेलें डिझेल लाटा उठविण्यांतच जातें.

आतां निवड कशी करावी तें क्रमानें पाहूं.

पहिलें, काम पाहावें. बैलजोडी घेतांना आपण जमीन, नांगर व वैरण पाहतों, तसेंच हें आहे. जाळें टाकून वाट पाहणाऱ्या होडीस जाण्यायेण्यापुरती शक्ति पुरते. ट्रॉलचें जाळें ओढणाऱ्या होडीस ताशीं अडीच-तीन नॉटांच्या मंद चालींत मोठी ओढ हवी असते. तिला वेगापेक्षां ओढीचें इंजिन व मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो.

दुसरें, पाटीवरील आंकडा नीट वाचावा. तो आंकडा सतत चालण्याचा आहे कीं थोड्या वेळापुरता, हें विचारावें. मालमोटारीच्या इंजिनास चढापुरताच पूर्ण जोर लावावा लागतो. होडींतील इंजिन तासन्‌तास ओझ्याखालीं असतें. आंकडा किलोवॉटांत असल्यास १ किलोवॉट म्हणजे सुमारें १.३६ अश्वशक्ति धरावी.

तिसरें, इंजिन, गिअर व पंखा हीं एकाच हिशेबांत बसवावीं. इंजिन मिनिटास १,८०० फेरे करीत असेल व गिअर तीनास एक असेल, तर पंखा ६०० फेरे करील. जुना पंखा तसाच ठेवणें ही आमची दुसरी चूक होती. माल भरलेल्या होडींत पूर्ण जोरावर इंजिन नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोंचलें पाहिजे. तें पोहोंचत नसेल व काळा धूर निघत असेल, तर पंखा बहुधा भारी आहे; सहज ओलांडीत असेल, तर हलका आहे. पंखा कोणत्या दिशेनें फिरावयाचा, हेंहि आधींच ठरवावें.

चौथें, जागा मोजावी. बैठकीच्या तुळयांमधील अंतर, इंजिनाचें वजन, आणि जुना शाफ्ट नवा पीळ सोसेल काय, हें सुतार व मिस्त्री दोघांकडून पाहून घ्यावें. खारें पाणी सरळ इंजिनांत खेळविण्यापेक्षां आंत गोडें पाणी व बाहेरून खाऱ्या पाण्यानें थंडावा, ही व्यवस्था टिकाऊ असते. गिअर व शाफ्ट यांची सरळ रेषा होडी पाण्यांत उतरल्यावर पुन्हां तपासावी. कारण पाण्यावर लांकडी होडीचा आकार किंचित्‌ बदलतो, आणि जोडांत कागदाच्या जाडीची फट असली तरी बेअरिंग झिजतें.

पांचवें, वैरणीचा हिशेब मांडावा. एका अश्वशक्तीस तासाला सुमारें पांचवा हिस्सा लिटर डिझेल लागतें. ४० अश्वशक्ति दहा तास वापरल्यास ८० लिटर. ७० वापरल्यास १४०. दिवसाचे हे ६० लिटर वर्षांत २०० दिवस धरले, तर १२,००० लिटर होतात. खरेदीची किंमत एकदांच द्यावी लागते. ही दर फेरीस द्यावी लागते.

शेवटीं कागद. इंजिनाचा क्रमांक व शक्ति यांची नोंद होडीच्या कागदपत्रांत वेळीच बदलून घ्यावी. विमा व कर्ज यांच्या वेळीं नोंद व लोखंड यांचा मेळ नसला, तर नुकसान मालकाचें होतें. हीं सर्व कामें पावसाळ्यांत, होडी वर ओढलेली असतां, उरकावीं.

आम्हीं पंखा बदलला व ७ नॉटांवर चालण्याचा नियम तांडेलास घालून दिला. खर्च आटोक्यांत आला. परंतु न वापरलेल्या शक्तीचे हप्ते अद्याप कलमेंच फेडीत आहेत. वाचकांनीं आपल्या उताऱ्यावर बोजा चढविण्यापूर्वीं एक दोरी घेऊन आधीं होडी मोजावी, मग इंजिन पाहण्यास जावें.