पोस्टमनांची बाग

लंडन शहराच्या जुन्या भागात, सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरापासून थोड्याच अंतरावर, एक लहानसे उद्यान आहे. त्याची जमीन भोवतालच्या रस्त्यांहून बरीच उंच आहे. ही उंची निसर्गाने दिलेली नव्हे. पूर्वी ही सेंट बॉटॉल्फ या चर्चची दफनभूमी होती. वस्ती दाट, जागा अपुरी. तेव्हा नवी थडगी खणण्याऐवजी प्रेते जमिनीवरच ठेवून त्यांवर माती लोटीत. अशा रीतीने जमीन पिढ्यानपिढ्या चढत गेली.

पुढे पटकीच्या साथींनी लंडन हादरले आणि १८५० नंतरच्या दशकात शहरातील दफने कायद्याने थांबविण्यात आली. थडग्यांवरील शिळा भिंतींच्या कडेला उभ्या करून १८८० साली येथे सार्वजनिक उद्यान खुले झाले. शेजारच्या मोठ्या टपालकचेरीतील नोकर दुपारी येथे विसाव्यास येत. म्हणून त्यास पोस्टमनांची बाग हे नाव पडले.

परंतु पाहुण्याचे पाऊल अडते ते एका साध्या लाकडी पडवीपाशी. तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशांचे फलक बसविलेले आहेत. दुसऱ्याचे प्राण वाचविताना ज्यांनी आपले प्राण वेचले, अशा सामान्य माणसांची ती नावे! राजांचे व सेनापतींचे पुतळे लंडनमध्ये हवे तितके आहेत. मोलकरणीचे स्मारक मात्र शोधावे लागते. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या नामांकित चित्रकाराला ही उणीव खुपली. १८८७ साली त्याने वृत्तपत्राला पत्र लिहून अशा स्मारकाची सूचना केली. तिची दखल कोणी घेतली नाही. पण त्याने ध्यास सोडला नाही. १९०० साली स्मारक उघडले गेले, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा वॉट्स आजारामुळे येऊही शकला नाही.

ॲलिस एअर्स ही मुले सांभाळणारी तरुणी. १८८५ साली एका रात्री खालच्या तेला-रंगाच्या दुकानाला आग लागली. लोक तिला उडी टाकण्यासाठी ओरडून सांगत होते. तिने आधी खिडकीतून गादी खाली टाकली, मग धुरात पुन्हापुन्हा मागे जाऊन तीन लहान मुलींना एकेक करून त्या गादीवर सोडले. स्वतःची पाळी आली तेव्हा तिच्या अंगात त्राण उरले नव्हते; पडून झालेल्या दुखापतींनी ती दोन दिवसांत वारली.

सॉलोमन गॅलमन अवघा अकरा वर्षांचा. १९०१ साली भररस्त्यात धाकटा भाऊ गाडीखाली सापडणार, तोच त्याने त्याला वाचविले. स्वतः मात्र वाचला नाही. पेटलेल्या बहिणीचे कपडे ओढून काढताना स्वतः पेटलेला हेन्री ब्रिस्टो तर आठच वर्षांचा होता.

१९०४ साली वॉट्स निवर्तला. त्याची पत्नी मेरी हिने काम पुढे चालविले. १९३१ नंतर मात्र पंचाहत्तरांहून अधिक वर्षे एकही फलक बसला नाही. मग २००९ साली, कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविताना दोन वर्षांपूर्वी मृत्यू पावलेल्या एका तरुण कामगाराचे नाव तेथे लागले. भिंतीवर १२० फलकांची सोय आहे. लागले आहेत ५४. उरलेली भिंत कोरी आहे, आणि तिच्यासमोरच्या बाकांवर आजही दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे डबा सोडून बसतात.