हवालदार झालेल्या भाच्यास

धारणी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव बापूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाहीवर तिसरी फीत चढल्याचे वर्तमान कळून तुझ्या आईस जो आनंद झाला तो वर्णावयास नको. मला मात्र त्या फितीच्या जबाबदारीचाच विचार अधिक येतो. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या भयंकर तोफमाऱ्यात जे कंपनीचे शिपाई अचल राहिले, त्यांच्यातीलच तीन पलटणी २९ नोव्हेंबरला आपल्या वऱ्हाडातील अडगावच्या रणात पहिल्या गोळ्यांसरशी पाठ फिरवून पळाल्या, आणि आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असे खुद्द त्यांचा सेनापती वेलस्ली याने लिहून ठेवले आहे. सेनापती त्या दिवशी जवळ होता. एरवी पलटणीजवळ असतो तो हवालदार. उलट पक्षी, युद्धारंभीच कंपनीच्या जाहीरनाम्याने शत्रुपक्षातील शिंद्यांचे कित्येक गोरे अंमलदार चाकरी सोडून गेले असताही असईस त्यांचे गोलंदाज तोफांपाशीच मरण पावले. ही निष्ठा ऐन रणांगणात शिकविता येत नाही, ती आधीच्या कवायतीत मुरलेली असावी लागते.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी हल्ला झाला तेव्हा नमका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत, मोजक्या काडतुसांनिशी उभे होते, आणि टेलिफोनच्या तारा तुटताच प्रत्येक तुकडी एकाकी पडली. ती उणीव दिल्लीची होती, हे खरेच. युद्ध पेटल्यावर बंदुका आणि लोकरी कपडे घाईने मागविता येतात. कसलेला हवालदार मात्र कोणत्याही कोठारातून मिळत नाही, म्हणून शांततेच्या काळात त्याची उपेक्षा करणारे सरकार मला सर्वांत अधिक बेसावध वाटते.

तेव्हा कोठीच्या नोंदवहीवर विसंबू नकोस. बूट, काडतुसे, पाण्याच्या बाटल्या स्वतः हाताळून पाहा. कोणाच्या घरी कर्ज आहे, कोणाची आई आजारी आहे, हे तुला ठाऊक असावे. तुटवडा असता ‘सर्व ठीक’ असा अहवाल साहेबांची मर्जी राखण्यासाठी कदापि देऊ नकोस. त्या दोन शब्दांची किंमत पुढे दुसऱ्यांचे प्राण देऊन चुकती होते. आणि आपल्या हाताखालच्या प्रत्येक नाईकास आळीपाळीने तुझ्या जागी उभे करून हुकूम देऊ दे. त्या वेळी तू रांगेत उभा राहा, आणि चुकल्यास त्याला सर्वांदेखत न बोलता नंतर एकांतात समजावून सांग.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा