शेताचा नकाशा स्वतः काढताना खिशाला किती?

जमिनीखालची पाइपलाइन, तिचे वॉल्व, बोअर, कलमं नेमकी कुठे आहेत, याचा कागद फार थोड्या शेतकऱ्यांकडे असतो. एका पक्क्या दगडावरून प्रत्येक वस्तूची दिशा होकायंत्राने आणि अंतर रेंजफाइंडरने घेतलं, की आलेखाच्या कागदावर हा नकाशा घरीच काढता येतो.

पहिला पैसा होकायंत्रावर घाला. पाचशे रुपयांच्या ‘मिलिटरी’ छापाच्या डबीत दोन-तीन अंशांची चूक सहज होते आणि शंभर मीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर! अर्ध्या अंशापर्यंत वाचता येणारं प्रिझमॅटिक कंपास साधारण दीड ते तीन हजारांत मिळतं. वाचन घेताना मोटारसायकल, तारेचं कुंपण, पंप आणि खिशातला मोबाइल लांब ठेवा. आपल्या काळ्या कातळातही लोह असतं, म्हणून समोरच्या बिंदूवरून उलट वाचन घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही, तर एका ठिकाणी सुई ओढली जातेय.

रेंजफाइंडर बहुधा गोल्फवाल्यांचाच मिळतो, आठ हजारांपासून पुढे. चूक साधारण एक मीटर. दुकानदार ‘स्लोप’च्या बटणाचे जादा पैसे लावतो, ते चेंडू मारण्यासाठीचं अंतर दाखवतं, नकाशाचं नव्हे. चढावर ते अंतर वाढवतं, आपल्याला हवं असतं कमी: २० अंशांच्या उतारावरचे १०० मीटर नकाशावर ९४ भरतात. ते बंद ठेवा, एकक यार्डावरून मीटरवर आणा आणि लक्ष्यापाशी कुणाला तरी पांढरा पुठ्ठा धरायला लावा, नाहीतर मधल्या पानांचंच अंतर येईल. भिंती मोजायचा लेझर मीटर स्वस्त असला तरी भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही.

खरं सांगायचं तर शेत लहान आणि मोकळं असेल, तर पाचशेच्या आसपासची तीस मीटरची टेप पुरते. मध्ये ओढा असेल तरच रेंजफाइंडर घ्या. दोन्ही कामं करणारं सर्वेक्षणाचं यंत्र लाखाच्या पुढे जातं; ते घरच्या कामाला नको.

बांधाच्या वादात मात्र या नकाशाला किंमत नाही. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाचीच मोजणी लागते. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये शुल्क आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू दर कार्यालयात विचारून घ्या.