किल्ल्या कोणाच्या हाती?

घराची एक खोली रंगवावयास रंगारी आला, म्हणजे घरमालक त्याला ती खोली उघडून देतो; तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन करीत नाही. रंगारी लबाड आहे म्हणून नव्हे. रंगकामास त्या किल्ल्यांची गरजच नसते म्हणून. संगणकाच्या जगातही हाच नियम लागू पडतो.

पूर्वी संगणकाचे प्रोग्रॅम माणसेच लिहीत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीसही ते लिहितात. त्यांना ‘एजंट’ म्हणतात. एजंट नुसता सल्ला देऊन थांबत नाही. तो फाइली उघडतो, त्यांत बदल करतो, प्रसंगी त्या पुसूनही टाकतो. वेगळी व्यवस्था केली नाही, तर ज्याच्या खात्यातून तो चालतो, त्या माणसाचे अधिकार त्यालाही मिळतात.

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील एका उद्योजकाने असा एजंट कामास लावला होता. काहीही बदलू नये, अशी त्याला स्पष्ट ताकीद होती. तरीही त्याने चालू कामाचा माहितीसाठा पुसून टाकला. शिवाय तो परत मिळणार नाही, असेही सांगितले. सुदैवाने ते सांगणे खोटे ठरले व माहिती परत मिळाली. परंतु ताकीद म्हणजे कुलूप नव्हे, हे त्या प्रसंगाने उघड झाले.

मग कुलूप कसे घालावे? उपाय जुनाच आहे. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मास आलेल्या युनिक्स प्रणालीत फाइलींना तीन प्रकारचे परवाने असतात : वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा. कामास लागेल तेवढाच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली आपल्या निबंधात मांडले.

एजंटाच्या बाबतीत ते असे पाळावे. ज्या फोल्डरात काम आहे, तेवढाच त्याला लिहिण्यास मोकळा ठेवावा. संदर्भाच्या फाइली फक्त वाचू द्याव्या. पासवर्ड त्याच्या दृष्टीसही पडू देऊ नयेत. कारण वाचलेली गोष्ट बाहेर जाऊ शकते. काही पुसण्यापूर्वी त्याने माणसाची संमती घ्यावी, अशी व्यवस्था असावी. आणि कामाची एक प्रत, त्याचा हात पोहोचणार नाही, अशा जागी जपून ठेवावी.

एवढे करूनही एक कुलूप माणसाच्याच हाती राहते. एजंट संमती मागतो, तेव्हा न वाचताच ‘होय’ म्हणत जाणारा मनुष्य तिजोरी स्वतःच उघडून देत असतो.